बाळापूरचे मेण आणि अब्बांचे बूट

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडतात, डोंगरकडा जाते आणि वारंगा फाट्यावर नागपूरचा रस्ता उजवीकडे फुटतो. सरळ पुढे गेले की आखाडा बाळापूर येते. अकोला जिल्ह्यातही एक बाळापूर आहे, मोठ्या किल्ल्याचे. म्हणून आमच्या भागात 'आखाडा' हा शब्द सहसा कोणी गाळत नाही. गाव कळमनुरी तालुक्यात आहे. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यात होता.

माझे सासर याच रस्त्याने पुढे, एका आडवळणाच्या गावात आहे. मी नांदेडला शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत आणि दोन्ही ईदला आमचे जाणे होते. आता राष्ट्रीय महामार्ग 161 रुंद झाल्यामुळे गाड्या भरधाव जातात. तरी बाजारहाटासाठी आसपासच्या खेड्यांना बाळापूरलाच यावे लागते. नोव्हेंबरमध्ये येथे यावे. सोयाबीन निघालेले असते, कापसाची वेचणी चालू असते, तुरीला पिवळी फुले असतात आणि कालव्याच्या पाण्यावरची हळद कमरेएवढी उभी असते. हळद काढायची, शिजवायची आणि वाळवायची धामधूम पुढे जानेवारीपासून सुरू होते. तेव्हा हवेलाही हळदीचा वास येतो.

या गावात पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारले तर मी बसस्थानकाच्या परिसरात बसणाऱ्या एका गटई कामगाराचे नाव घेईन. नाव घेईन म्हणजे, आम्ही त्यांना 'मामा' म्हणतो. साठी ओलांडलेले गृहस्थ. समोर आरी, रापी, लोखंडी तिपाई, दोऱ्याची रिळे आणि पत्र्याच्या डबीत एक काळपट पिवळा गोळा. तो गोळा मेणाचा. दोरा शिवायला घेण्याआधी मामा तो दोन वेळा मेणावरून ओढतात. मेण लावलेला दोरा चामड्यातून सरळ जातो, उसवत नाही, आणि टाक्याच्या भोकातून पाणी आत शिरत नाही. या डबीतल्या गोळ्याने आमच्या घरातला एक मोठा प्रश्न सोडवायला मदत केली. त्याची ही हकीकत.

उपाशी चामडे

आमचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अब्बा म्हणतो, पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. त्यांना साखरेचा आजार आहे आणि गेल्या काही वर्षांपासून तळपायांची संवेदना कमी झाली आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. खडा टोचला तरी कळत नाही, बूट चावला तरी कळत नाही, आणि कळते तेव्हा जखम झालेली असते. दोन वर्षांपूर्वी टाचेला आलेला एक साधा फोड भरून यायला दोन महिने लागले. डॉक्टरांनी घरात घालायला मऊ तळव्याची एमसीआर चप्पल दिली आणि बजावले, की कडक पादत्राण पायात जाता कामा नये.

पण अब्बांचे शेत आहे. रोज सकाळी एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बांधावर बाभळीचे काटे आहेत, हळदीत साप असतो. उघड्या चपलेने शेतात जाणे धोक्याचे. त्यांच्याकडे नोकरीतले घोट्यापर्यंतचे चामडी बूट होते, अंगाला बसलेले, बोटांना जागा देणारे. मात्र पावसाळाभर ते माळ्यावर पडून राहिले. दिवाळीला काढले तेव्हा वरून पांढरी बुरशी आणि आतून लाकडासारखे कडक. त्याच पिशवीत त्यांचे चामड्याचे मोजेही होते. हिवाळ्यात फजरच्या वुजूला मसह करण्यासाठी ते वापरतात. तेही घडीवर कडक झाले होते. आणखी महिनाभरात घडीवर भेग पडली असती.

घरात सगळ्यांचे एकच म्हणणे होते, की नवे घ्या. नांदेडच्या दुकानात हजार-बाराशेत जे बूट मिळाले असते ते बहुतेक रेक्झिनचे. अस्सल चामड्याचे घोट्यापर्यंतचे बूट आमच्या खिशाच्या पलीकडचे. शिवाय नवे म्हणजे कडकच. ते मऊ होईपर्यंत अब्बांच्या पायाने तो त्रास सोसायचा, तोही न कळता. म्हणून मी बूट आणि मोजे पिशवीत घातले आणि बाळापूरला मामांकडे गेले.

मामांनी बूट हातात घेतला, पुढून वाकवला, नाकाशी नेला, अंगठ्याने दाबून पाहिला.

"बाई, चामडं मेलं न्हाई. उपाशी हाय," ते म्हणाले. "जमादारसाहेबाचा जोडा हाय ना? ह्याला तेल पाजा. आमचा बाप मोटेला पाजायचा तसं."

चपलेला, वहाणेला 'तेल पाजणे' हा शब्द मराठी घरांना नवा नाही. नवी कोल्हापुरी आणली की आजही कोणी तरी तिला तेल पाजते. मोटेचे मात्र आता समजावून सांगावे लागते. विजेचे आणि डिझेलचे पंप येण्यापूर्वी मराठवाड्यातल्या विहिरींचे पाणी बैलांच्या मोटेने वर यायचे. मोट पूर्ण चामड्याची असे, किंवा लोखंडी मोटेला चामड्याची सोंड असे. रोज भिजायचे, रोज उन्हात सुकायचे. तेल मिळाले नाही तर सोंड फुटली आणि पीक वाळले. म्हणून मोट शिवणारा आणि तिची निगा राखणारा कारागीर गावाच्या बलुतेदारीत होता आणि सुगीला त्याला धान्य मिळत होते. मामांचे वडील करंजीच्या बियांचे तेल वापरत. गावाचे पाणी त्यांच्या हातातल्या तेलावर अवलंबून होते, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

कमावणे म्हणजे काय

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. कातडे टिकाऊ करण्याच्या कामाला मराठीत 'कमावणे' म्हणतात. कच्चे ते कातडे, कमावलेले ते चामडे. उर्दूत त्याला 'दबागत' म्हणतात आणि हा शब्द आपल्याला फिकहच्या किताबांतून माहीत आहे, कारण दबागतीने कातडे पाक होते हा मसअला हदीसवरून घेतलेला आहे.

कमावताना नेमके काय होते? कातडे म्हणजे बारीक तंतूंचे विणलेले जाळे. कच्चे कातडे ओले राहिले तर सडते, सुकले तर ढोलाच्या पानासारखे कडक होते. हिरडा, बाभळीची साल यांतला तुरट अर्क त्या तंतूंना जाऊन चिकटतो आणि त्यांना सडू देत नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच पद्धतीने तयार होते. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. बुटांचे चामडे आज बहुतांशी क्रोमच्या क्षारांनी कमावतात. पद्धत कोणतीही असो, शेवटी चामड्याला तेल किंवा चरबी द्यावीच लागते. ती तंतूंच्या मध्ये बसते आणि वाकताना एक तंतू दुसऱ्यावरून घसरतो. ऊन, घाम, चिखल आणि पाणी यांनी ही तेलाची ओल हळूहळू निघून जाते. मग तंतू एकमेकांना चिकटतात, चामडे कडक होते आणि जेथे रोज वाकते तेथे तडकते. मामांचा 'उपाशी' हा शब्द यासाठी अगदी नेमका आहे.

तेल एकटे दिले तर चामडे मऊ होते, पण पाणी अडत नाही आणि धूळ चिकटते. मेण एकटे दिले तर वर थर बसतो, आत काही जात नाही. दोन्ही एकत्र केले की तेल आत उतरते आणि मेण वर राखण करते. मेण वापरून पाणी अडवण्याची रीत जुनी आहे. पावसापासून सामान झाकायच्या कापडाला मराठीत 'मेणकापड' आणि उर्दूत 'मोमजामा' म्हणतात. दोन्ही शब्दांत मेण आहे, कारण प्लॅस्टिक येण्यापूर्वी मेण लावलेले कापडच पाणी अडवत होते.

आपल्या हिंगोलीला हे काम अनोळखी नव्हते. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची एक छावणी हिंगोलीत होती. 1903 मध्ये ती फौज भारतीय लष्करात सामावली गेली. घोडदळ असलेल्या फौजेला खोगीर, लगाम, पट्टे आणि बूट यांची निगा रोजच राखावी लागते. आज हिंगोलीला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. बूट घालणारे पाय या भागात तेव्हाही होते, आताही आहेत.

मेण कोठून येते

मामांना मेण देणारा माणूस डोंगरपट्ट्यातल्या एका गावातून येतो. तो बाटलीतून मध विकतो आणि पिळलेल्या पोळ्याचा चोथा कापडात बांधून आणतो. मध घेणारे पुष्कळ, चोथा घेणारे मामा एकटे. मी त्याच्याकडून अर्धा किलो चोथा घेतला.

आपल्याकडे आग्या, सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या ओळखीच्या आहेत. आग्या मोहोळ उंच झाडाला किंवा कड्याला लटकते, सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते, फुलोरीचे लहानसे पोळे झुडपात असते. मेण मात्र कोणतीही माशी बाहेरून आणत नाही. कामकरी माशीच्या पोटाखाली आठ ग्रंथी असतात. वयाच्या साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यांतून मेणाचे पातळ पापुद्रे निघतात. माशी ते चावून मऊ करते आणि सहा कोनांची घरे बांधते. एक किलो मेण तयार व्हायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्च करावा लागतो असा अंदाज सांगतात. कुरआनमधल्या सोळाव्या सूरहचे नावच 'नहल', म्हणजे मधमाशी आहे, आणि तीत मधमाशीला दिलेल्या हुकमाचा आणि तिच्यापासून मिळणाऱ्या शिफाचा उल्लेख आहे. ज्या वस्तूमागे इतकी मेहनत आहे ती चोथा म्हणून उकिरड्यावर जावी हे बरे नाही.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. मध काढताना मोहोळ जाळणे, पिल्लांसह सगळे पोळे पिळणे ही रीत अजून काही ठिकाणी आहे. त्याने पुढच्या वर्षी ना मध राहतो ना मेण, आणि तूर, करडई, सूर्यफूल यांच्या फुलांवर येणाऱ्या माश्याही कमी होतात. पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवता येतो. याचे शिक्षण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत आणि महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडून मिळते. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे 2022 मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तेथले लोक पेट्यांतून मध काढतात, मोहोळ मारत नाहीत. मध विकत घेताना 'पोळे कसे काढले' एवढा एक प्रश्न आपण विचारला तरी विकणारा विचार करू लागतो.

घरी कसे केले

चोथ्यातून मेण काढणे सोपे आहे. चोथा कोमट पाण्यात धुऊन मधाचा चिकटपणा घालवला. मग तो जुन्या सुती कापडात सैल पुरचुंडी बांधून पाण्याच्या पातेल्यात ठेवला आणि मंद आचेवर पाणी गरम केले. मेण 62 ते 65 अंश सेल्सियसला वितळते, म्हणून पाणी खळखळ उकळण्याची गरज नसते. मेण कापडातून झिरपून वर तरंगते, कचरा पुरचुंडीत राहतो. पातेले रात्रभर हलवले नाही. सकाळी पाण्यावर पिवळी चकती जमलेली होती. खालची मळकट बाजू सुरीने खरवडली आणि चकती फडक्याने कोरडी केली. मेणात पाण्याचा थेंब राहू देऊ नये, नाहीतर पुढे तडतडते.

विकतचे मेण घेणार असाल तर वास घ्या. मधमाशीच्या मेणाला मधाचा मंद वास असतो. मेणबत्तीचे पांढरे मेण बहुधा खनिज तेलापासून केलेले पॅराफिन असते. त्याला तो वास नसतो आणि चामड्यावर त्याचे पापुद्रे निघतात.

आता प्रमाण. सातवीची मुले गुणोत्तर शिकतात, तेवढेच गणित येथे लागते. वजनाने एक भाग मेण आणि तीन भाग तेल. मी 50 ग्रॅम मेण, 100 ग्रॅम एरंडेल आणि 50 ग्रॅम खोबरेल घेतले. एवढ्यात बुटांचे चार-पाच जोड सहज दोन-तीन वेळा होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे मिश्रण पातळ पडते, म्हणून मार्चनंतर करायचे असेल तर एका भाग मेणाला दोनच भाग तेल घ्यावे.

तेल कोणते, हे महत्त्वाचे. एरंडेल दाट असते, सुकून कडक होत नाही आणि लवकर खवटत नाही. करंजीचे तेलही चालते, त्याचा वास मात्र सहन करावा लागतो. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल काही महिन्यांत खवट होते. जवसाचे तेल मुळीच वापरू नये. ते हवेत सुकून कडक होते, आणि त्यात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान भांडे, त्या भांड्यात मेणाचे तुकडे आणि तेल. मेणाचे भांडे थेट आचेवर कधीही ठेवू नये. मेण वितळून तेलात एकजीव झाले की आच बंद करून चमच्याने ढवळावे आणि पॉलिशच्या रिकाम्या स्वच्छ डबीत ओतावे. चुकून पेट घेतलाच तर गॅस बंद करून वरून झाकण ठेवावे, पाणी टाकू नये. पाण्याने जळते मेण अंगावर उडते. हे काम मोठ्यांनी करावे आणि मुलांनी लांबून पाहावे. भांडे जुने घ्यावे, कारण मेण निघता निघत नाही. उरलेले मेण मोरीत ओतू नये. नळी तुंबते.

लावण्याची रीत मामांनी सांगितली ती अशी. आधी नाड्या काढाव्यात. बुरशी घराबाहेर, तोंडावर फडके बांधून ब्रशने झाडावी. ओल्या पण पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि दोन दिवस सावलीत सुकवावे. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, तेथे चामडे आक्रसते. मग जुन्या बनियनच्या तुकड्यावर वाटाण्याएवढे मलम घेऊन बोटाच्या ऊबेने गोलगोल चोळावे. शिवण, वाकण्याची जागा आणि नाड्यांखालची जीभ विसरू नये. रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या फडक्याने जादा मलम पुसावे आणि ब्रश मारावा. थर पातळ असावा.

"एकदाच लई पाजलं की चामडं सुजतं, टाके ढिले होत्यात. लेकराला जेवू घालावं तसं, थोडं थोडं," मामांनी बजावले होते.

अब्बांच्या बुटांना एका आठवड्याच्या अंतराने तीन वेळा लावले. तिसऱ्या वेळेनंतर बूट हाताने वाकू लागले. रंग थोडा गडद झाला, तो होतोच. म्हणून आधी आतल्या बाजूला लावून पाहावे. एका बुटाला जुनी खोल भेग होती, ती मात्र मिटली नाही. तुटलेला तंतू मलमाने जुळत नाही. तेथे मामांनी आतून पातळ चामड्याचा तुकडा शिवला आणि टाका आत टोचणार नाही असा ठोकून बसवला. मखमली चामड्याला, म्हणजे ज्याला लव असते त्याला, हे मलम लावू नये, लव चिकटून बसते. रेक्झिनवर त्याचा काही उपयोग नाही. ओळखायचे असेल तर कापलेली कड पाहावी. चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या खाली कापडाचे विणकाम दिसते. पोलीस किंवा एनसीसीच्या बुटांना चमक लागते, त्यांनी आधी हे मलम लावून एक दिवस जाऊ द्यावा, मग नेहमीचे पॉलिश करावे.

मोज्यांचे चामडे पातळ असते. त्यांना अगदी नखभर मलम पुरले आणि ते नीट पुसून घेतले. मुक्कामी माणसाला एक दिवस एक रात्र, मुसाफिराला तीन दिवस तीन रात्री मसहची सवलत आहे. ही सवलत मोजा शाबूत असेपर्यंतच. हनफी मसलकात पायाच्या तीन लहान बोटांएवढा मोजा फाटला तर त्यावर मसह होत नाही. मोज्याची भेग वेळेवर थांबवणे याचा अर्थ, थंडीत एका वृद्धाचे सुन्न झालेले पाय पहाटे गार पाण्यापासून वाचवणे. मसअल्याचे बारकावे आपापल्या इमामसाहेबांना विचारावेत.

आणखी एक फायदा आपल्या घरांच्या दृष्टीने आहे. बाजारात चामड्याची जी तयार मलमे मिळतात त्यांत कधी मिंक या प्राण्याची चरबी असते, कधी गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेले तेल असते, आणि कधी डबीवर काहीच स्पष्ट लिहिलेले नसते. घरच्या डबीत काय आहे हे आपल्याला माहीत असते.

त्या हिवाळ्यात अब्बांच्या पायाला जखम झाली नाही, अलहम्दुलिल्लाह. श्रेय एकट्या मेणाचे नाही. अम्मी रोज रात्री आरसा धरून त्यांचे तळवे पाहतात, बूट घालण्याआधी आत हात घालून खडा, काटा चाचपतात, आणि सुती मोजे रोज धुतात. साखरेच्या रुग्णाच्या घरी हे तिन्ही व्हायला हवे. बूट मऊ असणे हा त्यातला एक भाग आहे. पायाला आकार बदलण्याइतका त्रास असेल तर जुने बूट मऊ करण्यात वेळ न घालवता डॉक्टरांनी सांगितलेलेच पादत्राण घ्यावे.

हात कोणाचे

पैसे देताना मामांशी जे बोलणे झाले ते मनात राहिले. त्यांचा मुलगा पुण्यात गोदामात काम करतो. "आता चामडं येतंच कुठं? रेक्झिन येतं. सोल सुटला की चिकटवा, फाटला की फेका. आरी लागतच न्हाई," ते म्हणाले. शासनाची गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना आहे. चर्मोद्योगासाठी 1974 पासून संत रोहिदास महामंडळही आहे. पण स्टॉल मिळाला तरी त्यापुढे गिऱ्हाईक उभे राहायला हवे, आणि ते आपण आहोत. कच्च्या मालाकडे पाहावे तर उलटेच चित्र. गेल्या काही वर्षांत कुर्बानीच्या कातड्यांचे भाव इतके कोसळले, की मदरशांना त्यातून मिळणारा आधार जवळजवळ संपला आणि काही ठिकाणी कातडी पुरावी लागली. एकीकडे कातडे मातीत जाते, दुसरीकडे आपण दर पावसाळ्यानंतर प्लॅस्टिकचे बूट कचऱ्यात टाकतो.

वहाणेची जागा पायातच, अशा अर्थाची म्हण आपल्या समाजात सर्रास वापरली जाते. ती म्हण वहाणेला हिणवते आणि वहाण करणाऱ्यालाही. आपल्या घरात ती मुलांच्या तोंडी येऊ देऊ नये असे मला वाटते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) घरी आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत, ही गोष्ट हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली आहे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतः कातडे कमावत, शिवत आणि त्यातून मिळालेले सदका करत. बगदादचे मोठे हनफी विद्वान इमाम खस्साफ, ज्यांचा वक्फच्या नियमांवरचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो, जोडे शिवून पोट भरत. 'खस्साफ' या शब्दाचा अर्थच मोची. हिजरी 261 मध्ये त्यांचे निधन झाले आणि हजारहून अधिक वर्षे जग त्यांना त्यांच्या धंद्याच्या नावाने, आदराने ओळखते.

माझ्या वाचक भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. पावसाळा संपला की माळ्यावरची पिशवी खाली काढा. त्यात अब्बांचे बूट असतील, मुलाचे एनसीसीचे बूट असतील, कोणाचा जुना कमरपट्टा असेल, एखादी चामडी पर्स असेल. वाकवून पाहा. तंतू तुटलेले नसतील तर डबीभर मलमाने त्यांचे आयुष्य वाढेल. तुटले असतील तर ते गावातल्या मामांकडे न्या, घासाघीस न करता सांगतील ते पैसे द्या, आणि शेजारी मोड्यावर बसून ते दोरा मेणावरून कसा ओढतात ते मुलांना दाखवा. आखाडा बाळापूरच्या मामांनी या दिवाळीला माझ्याकडून मलमाच्या सहा डब्या मागवल्या आहेत. गिऱ्हाइकाला विकायला ठेवतो म्हणाले. मेण त्यांचे, तेल माझे, आणि भाव त्यांनी ठरवायचा असे आमचे ठरले आहे.